सोलापूर–मिरकरवाडा–सोलापूर: ऑक्टोपसला नाव लावण्याच्या प्रवासाची रोजनिशी

सोलापुरात समुद्र नाही. पाणी म्हणजे उजनीचं, आणि तेही नळाला रोज येत नाही. तरी ऑक्टोपसची जात ठरवण्याचं निम्म्याहून जास्त काम सोलापुरातल्या टेबलावर बसून होतं, कारण नवी जात समुद्रात सापडत नाही. समुद्रात सापडतो तो एक ओला, निसटणारा प्राणी. तो नवा आहे की दीडशे वर्षांपूर्वीच नाव मिळालेला आहे, हे ठरतं कॅलिपर, भिंग आणि जुने शोधनिबंध समोर ठेवून.

अडचण वेगळीच आहे. खेकड्याची जात वाळलेल्या कवचावरून सांगता येते, शंखाची शंभर वर्षांनीही सांगता येते. ऑक्टोपसला हाड नाही, कवच नाही. मेल्यावर रंग तासाभरात उतरतो, बर्फाच्या पाण्यात कातडी फुगते, अल्कोहोलमध्ये अंग आक्रसतं. किनाऱ्यावर पहिल्या दोन तासांत जे टिपलं नाही, ते पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. म्हणून या रोजनिशीत किनाऱ्यावरचे, म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा आणि मालगुंडच्या कातळावरचा, असे दोनच दिवस असले तरी जागा त्यांनी जास्त खाल्ली आहे.

आदल्या दिवशी: सोलापूर

सामान दोन क्रेटमध्ये बसतं. पहिल्यात द्रव्यं: फॉर्मल्डिहाइडचं बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण दोन लिटर, बोरॅक्स अर्धा किलो, मॅग्नेशियम क्लोराइड एक किलो, ९५ टक्के इथेनॉल अर्धा लिटर. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तेव्हा ही तजवीज महिनाभर आधी. दुसऱ्यात रुंद तोंडाचे, आतून बूच असलेले प्लॅस्टिकचे डबे, दोन मिलिलिटरच्या झाकणाच्या कुप्या, दोन उथळ ट्रे, एक काचेचा ट्रे, सर्जिकल ब्लेड, बोथट सुया, सिरिंज, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, रंगपट्टी आणि मिलिमीटरची पट्टी.

बोरॅक्स फॉर्मल्डिहाइडच्या बाटलीत आधीच घालून ठेवायचा, तळाशी थोडा न विरघळता उरेल इतका. फॉर्मल्डिहाइड ठेवल्या ठेवल्या आम्लधर्मी होत जातं, आणि आम्लात ऑक्टोपसच्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातले चुन्याचे कण, म्हणजे स्टॅटोलिथ, विरघळतात. ते गेल्याचं बाहेरून कळतही नाही.

नमुने गुंडाळायला कापड लागतं आणि सोलापूरकराचा हात साहजिकच टॉवेलकडे जातो. टेरी टॉवेल नको. त्याच्या सुताच्या फाशांचे ठसे मऊ कातडीवर उमटतात आणि फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पातळ केलेल्या फॉर्मल्डिहाइडमध्ये, कायम होतात. नंतर भिंगाखाली तेच ठसे कातडीवरचे उंचवटे म्हणून मोजले जातात. मलमल किंवा धुवून धुवून विरलेला पंचा उत्तम.

लेबलं घरूनच कापून न्यावीत. कागद सुती लगद्याचा, लिहायला पेन्सिल किंवा पाण्यात न विरघळणारी ड्रॉइंगची काळी शाई. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये आठवड्यात पुसली जाते. लेबल बरणीच्या आत, नमुन्यासोबत. बाहेर चिकटवलेलं लेबल हे लेबल नव्हे.

दिवस पहिला, पौर्णिमा: सोलापूर ते रत्नागिरी

पहाटे साडेपाचला निघून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा रस्ता. साडेतीनशे किलोमीटरच्या वर. एसटीने हा प्रवास करू नये, फॉर्मल्डिहाइड सोबत असतं. खासगी गाडीतही क्रेट मागे, काचा थोड्या उघड्या, डबे उभे आणि मधल्या फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी पुढच्या सीटवर, क्रेटपासून लांब. हे गमतीने लिहिलेलं नाही: फॉर्मल्डिहाइडचा वास खाण्याला लागतो, आणि ते कर्करोगकारक आहे.

मार्गशीर्षाची पौर्णिमा मुद्दाम निवडलेली होती. पावसाळ्यात मासेमारी बंद, नंतर समुद्र निवळायला वेळ लागतो. थंडीत पाणी स्वच्छ असतं आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते. सगळ्यात मोठं उधाण बहुधा पौर्णिमेला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर जो कातळ बघायचा तो उघडाच पडत नाही.

भरतीच्या वेळेचा कोकणातला हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. एकादशीला अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती, त्यानंतर सहा तास आणि वर थोड्या मिनिटांनी पूर्ण ओहोटी. पण पौर्णिमेला या हिशेबाने सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी समुद्र मारत नाही. पंधरवड्याच्या सांध्यावर हिशेब चुकतो तो इथे, आणि नेमके तेच दिवस आपल्या कामाचे. त्या दोन-तीन दिवसांपुरता छापील भरती-ओहोटीचा तक्ता बघावा. त्यात वेळेसोबत मीटरचा आकडाही बघावा, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खाली जात नाहीत.

मालवणला का नाही, हा प्रश्न दरवेळी निघतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, तिथे परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. रत्नागिरीत बंदरही आहे आणि कातळही.

दिवस दुसरा, प्रतिपदा: मिरकरवाडा

बंदरावर अंधारातच पोचावं. ट्रॉलरचा माल उतरतो, हाऱ्यांत वाटला जातो आणि लिलाव सुरू होतो. ऑक्टोपस हा कोणी ठरवून धरत नाही, कोळंबी आणि माकूळ यांच्या जाळ्यात तो आपसूक येतो. एक घोटाळा आधीच मिटवावा: माकूळ म्हणजे ऑक्टोपस नव्हे. नळीसारखा तो नळमाकूळ, आत पांढरं चुन्याचं कवच असलेला तो कटलफिश. दोघांना आठ बाहू आणि वर दोन लांब शुंडके, म्हणजे एकूण दहा. ऑक्टोपसला फक्त आठ. पुस्तकात अष्टपाद लिहितात, बंदरावर सगळे ऑक्टोपसच म्हणतात.

खलाशाशी बोलताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या: जाळं कुठे टाकलं, किती वावावर, तळ चिखलाचा की वाळूचा. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, अंदाजे १.८ मीटर. तांडेल जीपीएसवरचा आकडा दाखवतात, तो जसाच्या तसा उतरवावा. 'रत्नागिरी मासळी बाजार' एवढंच लिहिलेल्या नमुन्याची किंमत शास्त्राच्या दृष्टीने अर्धी होते. ट्रॉलर चार-पाच दिवस बाहेर असतो आणि त्यात बरंच अंतर तोडतो.

निवड करताना मोठा नग घ्यायचा मोह होतो. घ्यायचा तो अखंड नग. ऑक्टोपसचे बाहू तुटतात आणि परत उगवतात, पण उगवलेला बाहू बारीक आणि आखूड असतो. बाहूंच्या लांबीचा क्रम हे ओळखीचं मुख्य लक्षण, तेव्हा एका बाजूचे तरी चारही बाहू मूळचे हवेत. दुसरं, नर हवा आणि तो वयात आलेला हवा. नराचा उजवा तिसरा बाहू टोकाशी वेगळा असतो: तिथे चूषक, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्या, थांबतात, एक छोटा सुळका येतो आणि पुढे गुळगुळीत चमच्यासारखं टोक. हा हेक्टोकोटिलस. मादीला शुक्राणूंच्या पिशव्या पोचवण्याचं काम तो करतो. त्या टोकाची लांबी प्रत्येक जातीत ठरलेली असते, आणि बऱ्याच जाती तिच्यावरून वेगळ्या पडतात.

तिसरं, आतडी काढलेला नग घेऊ नये. काही ठिकाणी लगेच साफ करून टाकतात, मग शाईची पिशवी, कल्ले, अंडी सगळं गेलं.

चौथी गोष्ट बर्फाची. विकणारे नग थेट बर्फात टाकतात. बर्फ वितळला की ते गोडं पाणी, आणि खाऱ्या पाण्याचा प्राणी गोड्या पाण्यात पडला की पेशी फुगतात, कातडी पांढरी पडून सोलपटते. नग पिशवीत, पिशवी बर्फात. एवढं एक पथ्य पाळलं तर संध्याकाळपर्यंत नमुना कामाचा राहतो.

सकाळी आठपर्यंत पाच नग हाती आले. तीन राखाडी-तपकिरी, सडपातळ, बाहू लांब. दोन आखूड, खरखरीत, डोळ्याच्या पुढे बाहूंमधल्या कातडीच्या जाळीवर गडद वर्तुळ आणि त्यात निळसर कडी. हे वलय म्हणजे अँफिऑक्टोपस या प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) वलयवाल्या गटाची खूण. याच प्रजातीतला अँफिऑक्टोपस मार्जिनेटस मात्र बिनवलयाचा असतो, अंगावर गडद शिरांची जाळी. इंडोनेशियात तो नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून समुद्रतळावर चालत नेतो आणि धोका दिसला की दोन करवंट्या जुळवून आत बसतो. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ज्युलियन फिन आणि मार्क नॉर्मन यांनी ब्रिटनच्या टॉम ट्रेगेन्झा यांच्यासोबत ही नोंद छापली. करवंट्या फेकून देणाऱ्या कोकणाने ही माहिती जरूर बाळगावी.

नऊ ते अकरा हे सोन्याचे दोन तास. क्रम चुकवायचा नाही.

आधी फोटो. काचेच्या ट्रेत समुद्राचं पाणी, त्यात नग, बाजूला पट्टी, रंगपट्टी आणि नंबर. पाण्याबाहेर काढलेला फोटो चकाकतो आणि कातडीचे उंचवटे बसून जातात. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, हेक्टोकोटिलसचा जवळून, वलयाचा जवळून. पाठीवर चार मोठे उंचवटे पतंगाच्या आकारात आहेत का, डोळ्यावर शिंगासारखा उंचवटा आहे का, डोक्यावर पांढरा पट्टा आहे का, हे वहीत शब्दांत लिहायचं. फोटो असला तरी लिहायचं, कारण फोटोत काय बघायचं हे फोटो सांगत नाही.

मग ऊतीचा तुकडा. डाव्या बाजूच्या एखाद्या बाहूचं टोक कापू नये, लांबी मोजायची आहे. आवरणाच्या, म्हणजे पिशवीसारख्या धडाच्या, कडेचा मसुराएवढा स्नायू पुरतो. तो ९५ टक्के इथेनॉलच्या कुपीत, द्रव ऊतीच्या दहापट, आणि चोवीस तासांनी इथेनॉल बदलायचं, कारण मांसातलं पाणी ते पातळ करतं. हे फॉर्मॅलिनच्या आधी व्हायलाच हवं. फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडतात, नंतर कितीही पश्चात्ताप केला तरी तो जुळत नाही.

मग स्थिरीकरण. एक भाग फॉर्मल्डिहाइड, नऊ भाग गाळलेलं समुद्राचं पाणी. यालाच दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणतात, प्रत्यक्षात त्यात फॉर्मल्डिहाइड चारच टक्के. नग उथळ ट्रेत पालथा मांडून बाहू सरळ, चूषक बाहेर दिसतील असे; वर फॉर्मॅलिन ओतून अर्धा तास तसंच. बाहू एकदा ताठरले की मग डब्यात. सरळ डब्यात कोंबलेला ऑक्टोपस मुठीसारखा आवळतो आणि पुढे त्याचा बाहू मोजायचा म्हणजे तो मोडायचाच. आवरणाच्या आत सिरिंजने पाच-दहा मिलिलिटर सोडायचं, कारण पाचक ग्रंथी बाहेरून फॉर्मॅलिन पोचायच्या आत स्वतःच सडायला लागते. द्रव नमुन्याच्या किमान दहापट. भरगच्च डबा दिसायला किफायतशीर, उघडल्यावर कळतं काय ते.

तिसऱ्या नगाच्या वेळी नेमकं हेच बिनसलं. सिरिंज तुंबली, टोचणी राहून गेली आणि तो नग तसाच डब्यात गेला. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

दिवस तिसरा, द्वितीया: मालगुंडचा कातळ

तक्त्यानुसार ओहोटी सकाळी सातच्या पुढे. खाली जाणाऱ्या पाण्यासोबत चालायचं असतं, तेव्हा दीड तास आधी, विजेरी घेऊन. अंधारात ऑक्टोपस शिकारीला बाहेर असतो, उजाडलं की बिळात. बीळ ओळखायची खूण म्हणजे तोंडाशी साचलेला कचरा: कुर्ल्यांची रिकामी कवचं, तिसऱ्यांचे शिंपले, ताजे आणि स्वच्छ, शेवाळ न चढलेले. शिंपल्याला सुईएवढं भोक असेल तर ऑक्टोपसने ते पाडून आत लाळ सोडलेली असू शकते.

पायात जाड तळाचे बूट, हातात मोजे. सगळे ऑक्टोपस चावू शकतात आणि लाळ विषारी असते. बहुतेकांची माणसाला फारशी बाधत नाही, पण निळ्या वलयांच्या हॅपॅलोक्लीना प्रजातीच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन असतं, ज्यावर उतारा नाही. चमकदार निळी कडी अंगभर दिसली तर हात न लावता फोटो काढायचा. उलटलेला प्रत्येक दगड परत होता तसा ठेवायचा. पालथा पडलेल्या दगडाखालचं सगळं जग उन्हात मरतं. पोवळ्यांना हात नाही, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

एका कपारीत मादी अंड्यांवर बसलेली दिसली. तिला उचलायचं नाही. मादी अंडी फुटेपर्यंत जवळजवळ काही खात नाही आणि नंतर मरते. तिला नेलं की अख्खी वीण गेली. पण अंड्याची लांबी हवी असते, म्हणून चिमट्याने चार अंडी. तांदळाच्या दाण्याहून लहान अंडी असली तर पिल्लं आधी पाण्यात तरंगत लांब जातात, मोठी असली तर पिल्लू जन्मतःच तळावर चालायला लागतं. शेजारशेजारच्या दोन जाती कधी एवढ्या एका गोष्टीवरून वेगळ्या निघतात.

सव्वासातला एक छोटा नग हाती लागला, जिवंत. जिवंत नग म्हणजे रंगाची खरी पुंजी: दहा मिनिटांत चार प्रकारचे नक्षीबदल, सगळे कॅमेऱ्यात. एका बादलीत एकच ठेवायचा, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. झाकण बांधायचं, कारण चोच जाईल एवढ्या फटीतून अख्खा ऑक्टोपस जातो. शाई सोडली की लगेच पाणी बदलायचं, तीच शाई त्याच्या कल्ल्यांवर बसते.

हा जिवंतच सोलापूरला का आणत नाही, असं विचारणारे भेटतात. तीन हृदयं आणि निळं रक्त असलेला हा प्राणी प्राणवायू भराभर संपवतो. बादलीत आठ-नऊ तास, त्यात घाट. मिरज यायच्या आत मेलेला असेल आणि सगळा रंग गेलेला असेल.

त्याला भूल द्यायची पद्धत अशी: लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, ते तितक्याच समुद्राच्या पाण्यात हळूहळू मिसळायचं. पंधरा-वीस मिनिटांत अंग सैल पडतं, कातडी फिकट होते, चूषक सुटतात, श्वासाची हालचाल थांबते. त्यानंतरही अर्धा तास तसाच ठेवून मग पुढची पायरी. घाई केली तर फॉर्मॅलिनमध्ये आवळतो, आणि प्राण्याचे हाल होतात ते वेगळेच.

संध्याकाळी वही पक्की करताना एक जुनी गोष्ट डोळ्यापुढे ठेवावी. विषारी प्राण्यांची नक्कल करणारा म्हणून आज प्रसिद्ध असलेला बहुरूपी ऑक्टोपस १९९८ मध्ये सुलावेसीजवळ शास्त्रज्ञांच्या नजरेत आला. त्याच्या नकलांवरचा निबंध २००१ मध्ये छापून आला. पण थॉमोक्टोपस मिमिकस हे नाव मिळायला २००५ उजाडलं. मार्क नॉर्मन आणि एफ. जी. होचबर्ग यांनी ते दिलं. बघितल्यापासून नावापर्यंत सात वर्षं, आणि तोवर तो जगभरच्या पडद्यांवर झळकून गेलेला. त्याचाच चुलतभाऊ वुंडरपस फोटोजेनिकस २००६ मध्ये नावारूपाला आला. त्याआधी पाणबुड्यांनी त्याचे इतके फोटो काढले होते की नावातच तो गुण शिरला. ऑक्टोपसशास्त्रज्ञाची कारकीर्द ही अशी असते: बुडी मिनिटांची, बरण्या आणि तक्ते वर्षांचे.

दिवस चौथा: परत

सांगण्यासारखं थोडं. आंबा घाटाच्या वळणांवर एका डब्याचं आतलं बूच नीट बसलेलं नव्हतं, क्रेट ओला झाला. म्हणून प्रत्येक डबा दुहेरी पिशवीत आणि पिशवीत थोडा लाकडाचा भुसा. कोल्हापूरला थांबून द्रव पुन्हा भरला. यासाठीच समुद्राचं दहा लिटर पाणी जादा आणायचं. रात्री सोलापूर.

दिवस पाचवा ते अकरावा: बादली

लहान नगाला फॉर्मॅलिनमध्ये तीन-चार दिवस, मोठ्याला आठवडा. मग धुणं. पुस्तकात लिहिलेलं असतं वाहत्या पाण्याखाली चोवीस तास. सोलापुरात नळाला पाणी येतं त्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या आणि दर सहा तासांनी पाणी बदलत दोन दिवस. बोअरचं जड पाणी टाळावं, कातडीवर पांढरा थर बसतो.

त्यानंतर अल्कोहोल, पण पायऱ्यांनी: आधी ३० टक्के, मग ५०, मग ७०, प्रत्येकी एक दिवस. पाण्यातून एकदम ७० मध्ये टाकला की अंगातलं पाणी झपकन निघतं आणि नमुना सुकटासारखा सुरकुततो. इथेनॉल मिळत नसेल तर कायमच्या साठवणीला ४० ते ५० टक्के आयसोप्रोपेनॉल चालतं.

तिसरा नग या आठवड्यात उघडा पडला. पोटाशी मऊ, दाबल्यावर तपकिरी पाणी. पाचक ग्रंथी सडून कल्ल्यांपर्यंत पसरलेली. बाहेरची मापं मिळाली, आतलं काही नाही.

दिवस बारावा: टेबल

ट्रेत मेण, त्यावर नमुना, वर दिवा. सगळ्यात आधी पाठीकडून आवरणाची लांबी: दोन डोळ्यांच्या मधल्या बिंदूपासून मागच्या टोकापर्यंत. पुढची जवळजवळ सगळी मापं तिच्या टक्केवारीत लिहितात, म्हणून ती तीनदा मोजायची. मग आवरणाची रुंदी, डोक्याची रुंदी, आठही बाहू तोंडापासून टोकापर्यंत, सगळ्यात मोठ्या चूषकाचा व्यास, बाहूंमधल्या जाळीची खोली. जाळीला पाच नावं: पाठीकडच्या दोन बाहूंमधली ए, पोटाकडची ई. बाहूंचा क्रम लांबीनुसार लिहितात, उदाहरणार्थ ४.३.२.१. यासाठी कुठली मापं कशी घ्यायची हे क्लाइड रोपर आणि गिल्बर्ट व्हॉस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ठरवून दिलं. तेव्हापासून मेलबर्नची आणि सोलापूरची आकडेवारी शेजारी ठेवता येते.

हेक्टोकोटिलसपाशी आल्यावर एक आडवळण. १८२९ मध्ये थोर फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिएला मादीच्या अंगात हे सुटलेलं अंग मिळालं आणि त्याने त्याला परजीवी जंत समजून हेक्टोकोटिलस हे नाव दिलं. जंत नव्हता तो, नराचा बाहूच होता. पण नाव राहिलं. ऑक्टोपस ही प्रजातीही १७९७ मध्ये त्यानेच मांडली होती. चुकायला मोठा माणूसच लागतो असं नाही, पण मोठ्याची चूक जास्त टिकते.

आता सडपातळ तीन नगांपैकी पहिला. उताणा करून बाहूंच्या मुळाशी, तोंडाभोवती जाळीत बोथट सुई हलकेच फिरवायची. दोन बाहूंच्या मध्ये सुई एका बारीक भोकात आपोआप सरकते, आत वाटाण्याएवढी पिशवी. आठ सांध्यांत आठ पिशव्या. ही सिस्टोपस प्रजातीची खूण, इतर कुठल्या ऑक्टोपसला ती नाही. भोक सापडत नसेल तर सिरिंजने मिथिलीन ब्लूचा एक थेंब तोंडाभोवती सोडून पुसायचा; भोकात निळं उरतं.

बाजारातले सिस्टोपस आपल्याकडे बऱ्याचदा डोळे मिटून सिस्टोपस इंडिकस म्हणून लिहिले जातात. पण २०१५ मध्ये भारताच्या नैऋत्य किनाऱ्यावरून सिस्टोपस प्लॅटिनॉइडस ही वेगळी जात वर्णन केली गेली, केरळचे संशोधक आणि मार्क नॉर्मन यांच्याकडून. सामान्य बाजारी ऑक्टोपसांच्या घोळक्यात नवी जात निघू शकते, याचा याहून जवळचा दाखला नाही. ऑक्टोपस व्हल्गारिस या नावाचं तर जगभर हेच झालं. जुन्या भारतीय याद्यांत ते ठिकठिकाणी आहे, आज खरा व्हल्गारिस भूमध्य समुद्र आणि पूर्व अटलांटिकचा मानतात. पूर्व आशियातला वेगळा निघून सायनेन्सिस झाला.

आतलं बघायला आवरण पोटाकडून मधोमध उघडायचं. एका कल्ल्याच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या मोजायच्या. नसराळं, म्हणजे पाणी बाहेर फेकणारी नळी, उभं चिरून आतली ग्रंथी इंग्रजी डब्ल्यूसारखी आहे की दोन व्ही, ते बघायचं. तोंडाचा गोळा काढून सौम्य कॉस्टिक पोटॅशमध्ये मांस विरघळवायचं. चोच आणि रॅड्युला, म्हणजे दातांची फीत, उरतात. रॅड्युलाच्या एका ओळीत सात दात आणि दोन्ही कडांना एकेक पट्टिका. रात्रभर विसरलात तर फीतही ठिसूळ होते.

संध्याकाळपर्यंत सहा नगांचा हिशेब असा: दोन वलयवाले अँफिऑक्टोपस, त्यातला एक वयात आलेला नर. तीन सिस्टोपस, त्यातला एक आतून गेलेला. कातळावरचा छोटा नग अपरिपक्व मादी, तिला प्रजातीच्या पुढे नाव लावता येत नाही. तिच्या लेबलवर तेवढंच लिहायचं. उरलेल्या दोन सिस्टोपसची मापं प्रसिद्ध तक्त्यांशी ताडून होईपर्यंत लेबलवर 'सिस्टोपस स्पी.', म्हणजे जात अजून न ठरलेला सिस्टोपस, एवढंच राहतं.

पुढे

समजा त्यातला एखादा खरोखर नवा निघाला. तरी एका नरावर जात उभी करू नये; दोन्ही लिंगांचे, जमल्यास वेगवेगळ्या जागांचे नग हवेत. एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो नमुना, बाकीचे पॅराटाइप. २००० पासून होलोटाइप कोणता आणि कुठल्या संग्रहात ठेवला हे निबंधात स्पष्ट लिहिल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, ज्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद. ऊतीच्या कुपीतून सीओआय या, जाती ओळखायला वापरतात त्या, जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचतात, पण तो मापांच्या जोडीला, मापांऐवजी नाही.

नाव देताना 'सोलापुरेन्सिस' सुचवणारा एकजण हमखास असतो. टेबल सोलापूरचं असलं तरी प्राणी रत्नागिरीचा, आणि जागेवरून नाव द्यायचं तर सापडला त्या जागेचं. स्वतःचं नाव देत नाहीत. प्रजातीचं नाव पुल्लिंगी असेल तर विशेषणही पुल्लिंगी. नावापुढचा माणूस कंसात असेल, जसं अँफिऑक्टोपस मार्जिनेटस (टाकी, १९६४), तर समजावं की टाकींनी ही जात आधी दुसऱ्या प्रजातीत, ऑक्टोपसमध्ये, ठेवली होती आणि नंतर कोणीतरी हलवली.

तोवर बरण्या कपाटात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोली चाळिशी गाठते आणि अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं, म्हणजे पातळी थोडीच उतरलेली दिसली तरी आतलं प्रमाण ७० वरून बरंच खाली आलेलं असतं. काचेवर पातळीची रेघ मारून ठेवायची, पहिल्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघायची, आणि रेघेखाली गेलं की ७० नाही, ९५ टक्क्यांनी भरायचं.